‘बायबल’ हा शब्द मुळात अनेकवचनी आहे

मराठी बायबल हातात घेतलं तर वरच्या जाड पुठ्ठ्यावर बहुतेक वेळा ‘पवित्र शास्त्र’ अशी अक्षरं असतात. घरात मात्र सगळे त्याला बायबलच म्हणतात. आता पहिल्या ‘उत्पत्ती’पासून शेवटच्या ‘प्रकटीकरणा’पर्यंत सगळी पानं उलटून पाहा. ‘बायबल’ हा शब्द आत एकदाही येत नाही. या ग्रंथानं स्वतःला हे नाव दिलेलं नाही. ते बाहेरून आलं, आणि येता येता त्याचा अर्थ, लिंग आणि वचन सगळंच बदललं.

त्यातला वचनाचा बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपण ‘बायबल’ म्हणतो तेव्हा एक पुस्तक डोळ्यांपुढे येतं. पण ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं, त्याचा अर्थ होता ‘पुस्तकं’. ‘एकच पुस्तक’ हा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला. तो कसा चिकटला हे समजलं की या ग्रंथाबद्दलचे बरेच गोंधळ आपोआप सुटतात. पण त्यासाठी आधी नाईल नदीच्या काठच्या दलदलीत उतरायला हवं, कारण गोष्ट सुरू होते ती एका पाणगवतापासून.

पपायरस हे आपल्या नागरमोथ्याच्या आणि लव्हाळ्याच्या कुळातलं गवत. फरक उंचीचा. नागरमोथा गुडघ्याएवढा, तर पपायरस दोन पुरुष उंच जातो. बुंध्याशी मनगटाएवढा जाड, तीन धारांचा दांडा आणि टोकाला बारीक काड्यांचा झुबका. प्राचीन इजिप्तमध्ये या गवताचं काय काय होत असे! होड्या बांधत, चटया विणत, दोर वळत, चपला करत. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की इजिप्तचे लोक त्याचा खालचा कोवळा भाग भाजून खातही असत. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशेची आई तान्ह्या बाळाला लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात घालून नदीकाठी ठेवते. तिथल्या मूळ हिब्रू शब्दाचा रोख याच गवताकडे आहे.

आणि याच गवतापासून लिहायची पानं बनत. त्याची कृती अगदी सोपी वाटते, पण हात बसल्याशिवाय जमायची नाही. हिरवी साल सोलून काढायची. आतल्या पांढऱ्या, ओलसर गराच्या लांब पातळ पट्ट्या कापायच्या. त्या फळीवर एकमेकींना खेटून उभ्या मांडायच्या. त्यांच्यावर दुसरा थर आडवा मांडायचा. मग दाबून, ठोकून वाळवायचं. गवताच्या अंगच्याच चिकट रसानं दोन्ही थर एकजीव होतात. वाळलं की शिंपल्यानं किंवा गुळगुळीत दगडानं घासून त्यावर तकाकी आणायची. अशी पानं एकमेकांना कडेनं चिकटवून लांब पट्टा करायचा आणि त्याची गुंडाळी करायची. थोरला प्लिनी हा रोमन लेखक सांगतो की एका गुंडाळीत २० पेक्षा जास्त पानं कधी नसत. बाजारात मिळणारा माल तेवढ्याचा. जास्त लिहायचं असेल तर गुंडाळीला गुंडाळी जोडायची.

या गवताला ग्रीक लोकांचा शब्द होता ‘ब्युब्लोस’. ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यात या शब्दापासून बनलेलं विशेषण येतं, पण तिथं पुस्तकाचा मागमूसही नाही. त्यातला नायक ओडिसियस घरी परत आल्यावर वाड्याचं दार आतून बांधून घेतात, ते ‘ब्युब्लोस’च्या दोरानं, म्हणजे जहाजावरच्या पपायरसच्या दोरखंडानं. पुढं जगभर ज्या शब्दाची पूजा झाली तो शब्द तिथं दार बांधायचा दोर म्हणून सापडतो, हे वाचलं तेव्हा मी थबकलो होतो.

पण ग्रीकांना हा शब्द कुठून मिळाला? इथं एक शहर मध्ये येतं. लेबनॉनच्या किनाऱ्यावर, बैरुतच्या उत्तरेला, जुबैल नावाचं बंदर आहे. जगातल्या सर्वांत जुन्या, सतत वस्ती असलेल्या गावांत त्याची गणना होते. प्राचीन लिखाणात त्याचं नाव ‘गुब्ला’, हिब्रूत ‘गबाल’ आणि ग्रीकांच्या तोंडी ‘ब्युब्लोस’. इथले फिनिशियन व्यापारी डोंगरातलं देवदाराचं लाकूड इजिप्तला पाठवत आणि बदल्यात इजिप्तचा माल आणत. इ.स.पू. अकराव्या शतकाच्या सुमाराची वेनामून नावाच्या इजिप्तच्या माणसाची एक हकिकत सापडली आहे. मंदिराच्या नौकेसाठी लाकूड आणायला तो या शहरात येतो. तिथला राजा आपल्या पूर्वजांच्या हिशेबाच्या वह्या मागवतो, त्याच्यापुढं वाचून दाखवतो आणि म्हणतो की आधीच्यांनी पैसे मोजले होते, तूही मोज. मग इजिप्तहून सोनं, चांदी, कापड, ५०० बैलांची कातडी, ५०० दोर, डाळ, मासे असा माल येतो. त्याच यादीत पपायरसच्या ५०० गुंडाळ्या असल्याचं बऱ्याच अभ्यासकांचं वाचन आहे.

यावरून पूर्वापार सांगितलं जातं ते असं: पपायरस ग्रीसला पोचायचा तो या बंदरातून, म्हणून मालाला गावाचं नाव पडलं. पैठणहून आली ती पैठणी, तसंच. पटण्यासारखं आहे. तरी काही भाषाशास्त्रज्ञ उलटं म्हणतात. त्यांच्या मते गवताचं नाव ग्रीकांकडे आधीपासून होतं आणि ‘गुब्ला’ उच्चारताना त्यांनी ते परकं नाव आपल्या ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवलं. हा वाद मिटलेला नाही. पक्कं आहे ते एवढंच की गावाचं नाव, गवताचं नाव आणि पुस्तकाचं नाव ग्रीकमध्ये एकमेकांत गुंफलेलं आहे.

इथं जरा थांबून एका आरोपाबद्दल बोलायला हवं, कारण तो मोबाईलवरून नेमानं फिरत असतो. त्या शहरात मूर्तिपूजा चालायची, तिथल्या देवीचं मोठं मंदिर होतं, म्हणून ‘बायबल’ हे नावच अपवित्र आहे, ख्रिस्ती माणसानं ते तोंडातून काढू नये, असं त्यात म्हटलेलं असतं. शहरात देवीचं मंदिर होतं हे खरं. ‘गबालची स्वामिनी’ अशा अर्थाच्या नावानं तिची पूजा होई. पण शब्दांचं जगणं असं नसतं. शनिवारी बाजाराला जाऊ म्हणणारा माणूस शनीची उपासना करत नसतो. ख्रिस्ती लोकांनी हा शब्द उचलला तेव्हा ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कित्येक शतकं ‘पुस्तक’ एवढाच होता. विकणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्या मनात देवी नव्हती. दुसरा एक संदेश फिरतो तो बायबलच्या पाच इंग्रजी अक्षरांचं लांबरूप सांगणारा, स्वर्गात जाण्याआधीच्या सूचना वगैरे. भाविकांना तो आवडतो, आवडू दे. पण तो खेळ अलीकडच्या इंग्रजीतला आहे. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा, आणि मुळात इंग्रजी नाहीच.

साधनावरून पुस्तकाला नाव पडणं ही ग्रीकांचीच खोड नाही. आपण पुस्तकाचं ‘पान’ उलटतो, ते ताडाचं पान होतं. ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेलं, दोऱ्यात ओवलेलं; सुट्या पानांना भोक पाडून दोरी ओवायची, त्यावरून. ‘पुस्तक’ या शब्दाचं मूळ जुन्या इराणी भाषेतल्या ‘कातडं’ या अर्थाच्या शब्दात असावं, असं अनेक अभ्यासक मानतात, कारण तिकडं कातड्यावर लिहीत. आणि सकाळी आपण ‘पेपर’ वाचतो, त्यातही हाच पपायरस बसलेला आहे.

पण माझा सगळ्यांत लाडका शब्द ‘दप्तर’. हेरोडोटस लिहितो की आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या गुंडाळ्यांनाही ‘डिफ्थेरा’ म्हणजे ‘कातडी’ म्हणत. कारण पूर्वी पपायरस मिळेना तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. साधन बदललं तरी जुना शब्द तोंडात राहिला. हा ‘डिफ्थेरा’ पुढं पूर्वेकडे सरकला, इराणात आणि अरबस्तानात ‘दफ्तर’ झाला, फारसीबरोबर आपल्याकडे आला. पुण्यात पेशवे दप्तर झाला आणि शेवटी पोरांच्या पाठीवरची शाळेची पिशवी झाला. हेरोडोटसच्या त्या एकाच वाक्यात ‘ब्युब्लोस’ आणि ‘डिफ्थेरा’ शेजारी शेजारी बसलेले आहेत. एकापासून बायबल झालं, दुसऱ्यापासून दप्तर. रविवारच्या शाळेला जाणारं मराठी मूल दप्तरात बायबल घालून निघतं तेव्हा अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे दोन शेजारी पुन्हा एकत्र आलेले असतात.

आता पुन्हा मूळ धाग्याकडे. ‘ब्युब्लोस’चा उच्चार हळूहळू ‘बिब्लोस’ झाला. त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला आणि ‘बिब्लिओन’ झालं, म्हणजे ‘छोटी गुंडाळी’. आपल्याकडे पोथीचं पोथीलं किंवा पेटीची पेटुली करतात तसं. वापरून वापरून त्यातला छोटेपणा झिजला आणि ‘बिब्लिओन’ म्हणजे कुठलंही पुस्तक, लहान असो वा मोठं. ‘बिब्लिओन’ हा नपुंसकलिंगी शब्द, त्याचं अनेकवचन ‘बिब्लिया’. ग्रीकमध्ये त्याच्या आधी ‘ता’ हे अनेकवचनी उपपद लागतं: ‘ता बिब्लिया’, ‘ती पुस्तकं’. हे रूप लक्षात ठेवा, पुढं त्याचंच काम आहे.

अथेन्समध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात ‘ता बिब्लिया’ला काही पवित्र अर्थ नव्हता. युपोलिस नावाच्या विनोदी नाटककाराच्या एका तुकड्यात बाजारातल्या जागांचा उल्लेख येतो. लसूण-कांदे मिळतात ती जागा, तशीच पुस्तकं मिळतात ती जागा.

पवित्र अर्थाकडे पहिलं पाऊल यहुदी लोकांनी टाकलं. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांना आपल्या ग्रंथांसाठी ग्रीक शब्द हवा होता, आणि समोर तयार होता तो हाच. दानिएलाच्या नवव्या अध्यायात दानिएल यिर्मयाची भविष्यवाणी ‘पुस्तकांत’ वाचून समजून घेतो, तिथं ग्रीकमध्ये या शब्दाचं रूप आहे. मक्काबी या यहुदी घराण्याची हकिकत सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकात महायाजक योनाथान स्पार्टाच्या लोकांना पत्र पाठवतो. मैत्रीची गरज आम्हाला अशी फार नाही, कारण आमच्या हातातली पवित्र पुस्तकं आम्हाला धीर द्यायला आहेत, असा त्याचा आशय. ‘ता बिब्लिया ता हागिया’, पवित्र पुस्तकं. आजच्या ‘पवित्र बायबल’च्या इतकं जवळचं रूप इतक्या आधी सापडतं ते इथं.

अनेकवचन का, हे समजायला गुंडाळीचा आकार डोळ्यांपुढे आणावा लागतो. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडू लागल्या, त्यात यशयाची एक जवळजवळ संपूर्ण प्रत आहे. कातड्याचे १७ तुकडे शिवून केलेली, ५४ रकान्यांची, ७ मीटरहून अधिक लांब. एवढी लांबी फक्त यशयाला. सगळे धर्मग्रंथ एकत्र ठेवायचे तर एक कपाट लागेल किंवा रांजणांची रांग लागेल. नासरेथच्या सभास्थानात येशू वाचायला उभा राहतो तेव्हा त्याच्या हाती यशयाची गुंडाळी देतात. लूक लिहितो की त्यानं ती उलगडून हवी ती जागा काढली आणि वाचून झाल्यावर गुंडाळून सेवकाकडे परत दिली. तिथं शब्द आहे ‘बिब्लिओन’, एकवचन, कारण हातात एकच गुंडाळी होती. ‘सगळं बायबल’ हातात घेणं ही गोष्टच तेव्हा शक्य नव्हती.

नव्या करारात या शब्दाची मला सगळ्यांत भिडणारी जागा तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी आहे. येशूचा प्रेषित पौल तुरुंगात आहे, शेवट जवळ आलाय हे त्याला कळलंय, बहुतेक सोबती निघून गेलेत. तो तीमथ्याला सांगतो की येताना त्रोवसला कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकंही आण, आणि विशेष म्हणजे चर्मपत्रं. थोड्या ओळींनंतर पुन्हा सांगतो, हिवाळ्याच्या आत ये. ‘पुस्तकं’ या जागी मूळ शब्द ‘ता बिब्लिया’च आहे. पण इथं तो ग्रंथाचं नाव नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाच्या मालकीच्या चार गुंडाळ्या आहेत त्या.

नावाकडे शब्द वळला तो पुढच्या शतकांत. दुसऱ्या शतकात सार्दिसचा बिशप मेलितो पॅलेस्टाईनला जाऊन ‘जुन्या कराराची पुस्तकं’ कोणती याची यादी करून आणतो. चौथ्या शतकाच्या अखेरीला अंत्युखियातला प्रसिद्ध प्रवचनकार योहान क्रिसोस्टोम जुना आणि नवा असे दोन्ही करार मिळून ‘ता बिब्लिया’ म्हणताना दिसतो. त्याच्या श्रोत्यांना ‘ती पुस्तकं’ म्हटलं की कोणती, हे विचारावं लागत नव्हतं. वारकऱ्याच्या घरात नुसतं ‘माउली’ म्हटलं की पुरतं, तसं.

त्याच सुमाराला वस्तूही बदलली होती. ख्रिस्ती मंडळींनी गुंडाळी सोडून पानं मधोमध दुमडून शिवायची पद्धत फार लवकर उचलली. तिला कोडेक्स म्हणतात; आज आपण जे पुस्तक म्हणतो ते तेच. दोन्ही बाजूंनी लिहिता येतं, हवं ते पान चटकन काढता येतं, प्रवासात नेता येतं. चौथ्या शतकापर्यंत चर्मपत्राचे इतके मोठे कोडेक्स बनू लागले की सगळी पुस्तकं एका बांधणीत मावू लागली. सम्राट कॉन्स्टंटाईननं कैसरियाच्या युसेबियसकडे धर्मग्रंथांच्या ५० प्रती मागितल्याची नोंद आहे. सीनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठात सापडलेला, ४०० हून अधिक पानं शिल्लक असलेला कोडेक्स सिनायटिकस त्याच शतकातला. पहिल्यांदाच कपाटाचं पुस्तक झालं.

तरी अनेकवचनाची आठवण लगेच पुसली नाही. ती एका चित्रात मला स्पष्ट दिसते. इंग्लंडच्या उत्तरेला वेअरमथ आणि जॅरो हे जुळे मठ होते. इ.स. ७०० च्या आसपास तिथल्या मठाधिपती चेओलफ्रिथनं संपूर्ण लॅटिन बायबलच्या तीन प्रचंड प्रती करवून घेतल्या. त्यातली एक पोपला भेट द्यायला तो ७१६ साली स्वतः रोमकडे निघाला. म्हातारा होता, वाटेतच फ्रान्समध्ये लांग्र इथं वारला. ती प्रत आज इटलीत फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे, तिला कोडेक्स अमियाटिनस म्हणतात. हजाराहून अधिक पानं आणि सुमारे ३४ किलो वजन. पाचशेहून अधिक वासरांचं कातडं तिला लागलं. तिच्या सुरुवातीला पानभर एक चित्र आहे: एज्रा शास्त्री खाली वाकून लिहितोय, आणि त्याच्या मागं दारं उघडी असलेलं एक कपाट. कपाटाच्या फळ्यांवर नऊ खंड आडवे ठेवलेत. नऊ खंड मिळून बायबल, एका कपाटात. आणि हे चित्र ज्यात काढलंय ते बायबल एकाच बांधणीत! चित्रकाराला दोन्ही कळत होतं.

लॅटिनमध्ये त्या काळी या सगळ्याला एक सुंदर नाव होतं: ‘बिब्लिओथेका’, म्हणजे ग्रंथालय. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोम हा शब्द वापरतो. जुन्या इंग्रजीतही बायबलसाठी हाच शब्द जरा वळवून घेतलेला सापडतो. मला विचाराल तर आजवरच्या सगळ्या नावांत हे नाव सर्वांत खरं. कायदे, वंशावळी, स्तोत्रं, प्रेमगीतं, म्हणी, इतिहास, खासगी पत्रं, दृष्टान्त, असं सगळं ज्यात आहे, हजारेक वर्षांत वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं, त्याला ग्रंथालय म्हणणंच योग्य. पण ते टिकलं नाही.

टिकलं ते ‘बिब्लिया’, आणि तेही एका व्याकरणाच्या घसरगुंडीमुळं. मराठी माणसाला ही घसरगुंडी इतरांपेक्षा लवकर कळेल. ‘ती’ या शब्दाकडे बघा. ‘ती वही माझी आहे’ यात ‘ती’ स्त्रीलिंगी एकवचन. ‘ती पुस्तकं माझी आहेत’ यात ‘ती’ नपुंसकलिंगी अनेकवचन. शब्द तोच. ‘माझी’ही तोच, ‘चांगली’ही तोच. आपल्याला घोटाळा होत नाही, कारण ‘वही’ आणि ‘पुस्तकं’ यांची रूपं वेगळी आहेत. आता अशी कल्पना करा की एक परका शब्द आला, ज्याचं एकवचन तुम्ही कधी ऐकलेलंच नाही, आणि तो कायम ‘ती अमुक’ असाच कानावर पडतो. तुम्ही काय समजाल? ती एक वस्तू की त्या अनेक वस्तू?

लॅटिनमध्ये नेमकं हेच झालं. तिथं नपुंसकलिंगी अनेकवचनही ‘आ’कारान्त आणि स्त्रीलिंगी एकवचनही ‘आ’कारान्त. ग्रीकमधलं ‘ता’ हे उपपद अनेकवचन ओरडून सांगायचं, पण लॅटिनला उपपदच नाही, ते गळून गेलं. उरलं नुसतं ‘बिब्लिया’. समोर चामड्यानं बांधलेला एकच ग्रंथ दिसतोय, नाव ‘बिब्लिया’. ग्रीक न येणाऱ्या मध्ययुगातल्या लेखकांनी ते सरळ स्त्रीलिंगी एकवचन म्हणून चालवायला सुरुवात केली. तेराव्या शतकापर्यंत ते पक्कं बसलं होतं. ‘पुस्तकं’चं ‘पुस्तक’ झालं. वस्तूनं आधी रूप बदललं होतं, शब्दानं मागाहून तिला गाठलं.

याला चूक म्हणून हसू नये, कारण आपणही रोज हेच करतो. ‘मोबाईलचा डेटा संपला’ म्हणतो. ‘डेटा’ हे त्याच लॅटिन साच्यातलं नपुंसकलिंगी अनेकवचन. ‘मीडिया’ही तसाच. अरबीतून आलेले ‘उमराव’ आणि ‘नवाब’ मुळात अनेकवचनी, ‘अवलाद’ही अनेकवचनी, पण मराठीत ‘एक उमराव होता’ म्हणताना कुणी अडखळत नाही.

लॅटिनचं स्त्रीलिंगी एकवचन मग युरोपभर पसरलं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन, सगळीकडे बायबल स्त्रीलिंगी. फ्रेंचमधून १३०० च्या सुमाराला ते इंग्रजीत शिरलं. इंग्रजीत नामांना लिंगच उरलेलं नव्हतं, त्यामुळं तिथं तो प्रश्न संपला. इंग्रजी उच्चारासकट ते मिशनऱ्यांबरोबर मराठीत आलं आणि आपण म्हणू लागलो ‘ते बायबल’. म्हणजे ग्रीकमधलं नपुंसकलिंग मधल्या सगळ्या भाषा ओलांडून मराठीत परत आलं! अर्थात ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी म्हणून ‘बायबल’ही, एवढंच त्यामागचं कारण. अनेकवचन मात्र परत आलं नाही.

आपल्याकडच्या नावांचीही थोडी हकिकत सांगायला हवी. गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्या तोंडी ‘बिब्लिया’ होतं. पण थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यानं बायबलमधली कथा मराठी ओव्यांत सांगितली तेव्हा तो शब्द उसना घेतला नाही. १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलेल्या त्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या काव्याचे दोन भाग आहेत, ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूची. श्रोत्यांना पुराण ऐकायची सवय होती. त्यांना ओळखीचं दार उघडून आत नेलं.

दोनशे वर्षांनी बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम कॅरीनं वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीनं मराठी भाषांतर छापलं. १८०५ साली मत्तय, १८११ साली संपूर्ण नवा करार. मराठीत पुढं रूढ झालं ते ‘शास्त्र’. शास्त्र म्हणजे शिकवणारं, शिस्त लावणारं. ग्रीकमधल्या ‘लिखाण’ या अर्थाच्या साध्या शब्दापेक्षा त्यात अधिकार जास्त आहे. आणि ‘करार’! इथं मराठीनं बाजी मारली असं माझं ठाम मत आहे. हिब्रूतला ‘बरीथ’ म्हणजे देवानं माणसांशी केलेला करार. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘दिआथेके’ वापरला, ज्याचा व्यवहारातला अर्थ होता मृत्युपत्र. लॅटिननं ‘टेस्टामेंटुम’ केलं, तेही मृत्युपत्रच, आणि इंग्रजीत तेच राहिलं. मराठीनं फारसी-अरबी वाटेनं आलेला ‘करार’ घेतला आणि मधले दोन थर ओलांडून थेट हिब्रू अर्थाला हात घातला.

पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अठरा वर्षं ते काम चाललं, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं तिथल्या बायकांनी केली. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला.

राहता राहिला प्रश्न, पुस्तकं किती? ‘ता बिब्लिया’ हे नाव ते सांगत नाही. प्रोटेस्टंट परंपरेत ६६, कॅथलिक परंपरेत ७३, इथिओपियाच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) ८१. यहुदी लोक आपल्या ग्रंथांना ‘तनाख’ म्हणतात. तोरा, नविईम आणि कतुविम या तीन भागांची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द. त्यांची गणती २४, कारण आपण दोन किंवा बारा धरतो ती पुस्तकं ते एक धरतात. आणि ‘पवित्र पुस्तकं’ हे शब्द ज्यात आहेत, ते महायाजक योनाथानचं स्पार्टाला लिहिलेलं पत्र? मक्काबींचं पुस्तक कॅथलिकांच्या ७३ मध्ये आहे, प्रोटेस्टंटांच्या ६६ मध्ये नाही. म्हणजे वसईतल्या कॅथलिक घरातली बाई ते आपल्या धर्मग्रंथाचा भाग म्हणून वाचते, आणि नगरच्या प्रोटेस्टंट घरातल्या तिच्या मैत्रिणीच्या बायबलात ते पान नसतं.